हवाईचा प्लेट लंच: खिडकीवर काय मागावे आणि घरी कसा करावा

होनोलुलूच्या कापाहुलू रस्त्यावर, वाइकीकीच्या पूर्व टोकापासून पायी वीसेक मिनिटांच्या अंतरावर, ‘रेनबो ड्राइव्ह-इन’ हे खाण्याचे ठिकाण 1961 पासून चालू आहे. तेथे टेबलाशी येऊन विचारणारा वाढपी नसतो. खिडकीपाशी उभे राहून हवे ते सांगावे, पैसे द्यावेत, बाजूला सरकून थांबावे आणि हाती आलेला गरम डबा घेऊन तेथल्याच बाकावर बसावे किंवा कापिओलानी बागेच्या हिरवळीकडे चालू लागावे, अशी रीत आहे. डबा उघडला की पांढऱ्या भाताच्या दोन मुदी, मॅकरोनी सॅलडची एक मूद आणि उरलेल्या जागेत भरगच्च मांस किंवा मासे दिसतात. यालाच हवाईत प्लेट लंच म्हणतात. बंदरावरचे कामगार, शाळकरी मुले, कचेरीतले लोक आणि समुद्रावरून ओल्या कपड्यांत आलेली मंडळी एकाच रांगेत उभी राहून हेच जेवण घेतात.

मी होनोलुलूत काही वर्षे राहिले. त्या काळात आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला मी अशा एखाद्या खिडकीवर घेऊन गेले आणि प्रत्येकाने फळ्याकडे पाहून जवळपास तेच प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे येथे क्रमाने मांडली आहेत. त्यांतले मुख्य उत्तर आधीच सांगते. या जेवणाची निवड मांसापासून न करता भातापासून करावी. भातावर काय ओतले जाणार आहे आणि मॅकरोनीशेजारी काय येणार आहे, एवढे ठरले की बाकीचा फळा आपोआप सोपा होतो. वरणभाताची मूद पाडून तिच्यावर तूप सोडणाऱ्या आणि आमटीचा आळा करून जेवणाऱ्या माणसाला ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही.

हा डबा कुठून आला

हवाईतील ऊस आणि अननसाच्या मळ्यांवर काम करायला टप्प्याटप्प्याने निरनिराळ्या देशांतून मजूर आणले गेले. 1852 मध्ये चिनी करारबद्ध मजूर आले, 1868 मध्ये जपान्यांची पहिली लहान तुकडी आणि 1885 पासून त्यांचे मोठे लोंढे आले, 1878 मध्ये मदेरा बेटावरून पोर्तुगीज आले, 1903 मध्ये कोरियन आणि 1906 मध्ये फिलिपिनो आले. शेतावर जाताना हे मजूर ‘काउकाउ टिन’ नावाचा दुमजली पत्र्याचा डबा नेत. खालच्या कप्प्यात भात आणि वरच्या कप्प्यात तोंडी लावणे असे. काउकाउ म्हणजे तेथल्या मिश्र बोलीत जेवण. दुपारी सगळे आपापले डबे उघडून बसत आणि एकमेकांच्या डब्यातले चाखत. जपान्याचा शोयू म्हणजे सोया सॉस, कोरियनाचे मुरवलेले मांस, पोर्तुगीजाचे सॉसेज आणि फिलिपिनोचा अडोबो म्हणजे व्हिनेगरमध्ये शिजवलेले मांस एकाच भातावर आले ते असे. आपल्याकडे गिरणीच्या दुपारच्या सुट्टीत डबे फिरत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

पुढे बंदरावर आणि बांधकामांवर जेवणाच्या गाड्या जाऊ लागल्या आणि त्यांच्यामागून खिडकीवाली दुकाने आली. रेनबो ड्राइव्ह-इनचे संस्थापक सेजू इफुकू हे दुसऱ्या महायुद्धात हवाईच्या जपानी वंशाच्या सैनिकांच्या 100 व्या पायदळ बटालियनमध्ये आचारी होते. बिग आयलंड या हवाईतल्या सर्वांत मोठ्या बेटावरच्या हिलो गावातील ‘कॅफे 100’ हे 1946 मध्ये निघालेले ठिकाणही त्याच बटालियनचे नाव मिरवते. मोठ्या जमावाला, लवकर, पोटभर आणि परवडेल असे जेवू घालण्याची ती शिस्त या डब्यात आजही दिसते. ज्या मळ्यांमुळे हे सारे घडले ते मात्र राहिले नाहीत. हवाईतील शेवटचा साखर कारखाना, माउई बेटावरील पुउनेनेचा, 2016 च्या अखेरीस बंद झाला.

फळा कसा वाचावा

खिडकीच्या वर लावलेला फळा लांबलचक असतो आणि पहिल्यांदा पाहणारा गांगरतो. तो वरून खाली न वाचता मनात तीन भाग करून वाचावा: रस्सा किंवा ग्रेव्ही असलेले पदार्थ, कोरडे तळलेले पदार्थ, आणि मुरवून भाजलेले किंवा शिजवलेले पदार्थ.

ग्रेव्हीच्या पदार्थांत लोको मोको हा सगळ्यांत प्रसिद्ध आहे. तो 1949 च्या सुमारास हिलोमध्ये, भुकेल्या तरुण मुलांना स्वस्तात काही गरम द्यावे म्हणून केला गेला, असे सांगतात. भात, त्यावर बीफची चपटी टिक्की, त्यावर अर्धवट शिजलेल्या बलकाचे अंडे आणि सगळ्यावर तपकिरी ग्रेव्ही, अशी त्याची रचना असते. अंड्याचा बलक फोडून तो ग्रेव्हीत आणि भातात कालवावा, तरच तो पदार्थ कळतो. ‘ग्रेव्ही ऑल ओव्हर’ असे खिडकीवर सांगितले, तर मांसावर, भातावर आणि काही ठिकाणी मॅकरोनीवरही ग्रेव्ही ओततात. पहिल्या खेपेस मॅकरोनी कोरडीच ठेवायला सांगावी, असे माझे मत आहे. त्या जेवणात थंड आणि आंबटसर एवढाच एक घास असतो आणि तो गरम ग्रेव्हीखाली गेला की उरलेला डबा जड वाटू लागतो.

तळलेल्यांत चिकन कात्सू अग्रभागी आहे. कोंबडीच्या मांडीचे हाड काढून ती थापून पातळ करतात, जपानी पद्धतीच्या जाडसर ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळतात आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापतात. त्या पट्ट्या बहुधा चिरलेल्या कोबीवर मांडलेल्या असतात. तो कोबी नुसती सजावट नव्हे. गरम तळणाला खालून सुटणारी वाफ तो झेलतो आणि पट्ट्यांची खालची बाजू चिवट होऊ देत नाही, म्हणून तो डब्यात ठेवूच द्यावा आणि शेवटी सॉसला लावून खावा. याच गटात तळलेला माही-माही मासा मिळतो. त्याला इंग्रजीत डॉल्फिन मासा असेही नाव आहे, पण सस्तन डॉल्फिनशी त्याचा काही संबंध नाही. हा मासा पांढऱ्या, घट्ट मांसाचा आणि कमी वासाचा असल्याने मासे जपून खाणाऱ्यांना चालतो.

मुरवलेल्या पदार्थांत तेरियाकी बीफ, कोरियन पद्धतीच्या कालबी बरगड्या आणि शोयू चिकन येतात. सोया सॉसला हवाईत सगळे शोयू हाच जपानी शब्द वापरतात. माझ्या मते कोणतेही नवे ठिकाण पारखायचे असेल तर तेथे शोयू चिकन मागवावे. त्यात कुरकुरीतपणाचा आडोसा नसतो. आले, लसूण, साखर आणि शोयू यांचे प्रमाण चुकले किंवा कोंबडी घाईत शिजवली तर पहिल्याच घासाला ते उघडे पडते.

निर्णय होत नसेल तर ‘मिक्स प्लेट’ मागावी, तिच्यात दोन किंवा तीन प्रकारचे मांस मिळते. त्यातही एक ओला आणि एक कोरडा पदार्थ निवडावा. दोन्ही कोरडे घेतले तर भाताला काही मिळत नाही आणि दोन्ही ओले घेतले तर डब्याचा काला होतो. भूक बेताची असेल तर ‘मिनी’ घ्यावी. तिच्यात भाताची एक मूद आणि मांस कमी असते, आणि आपल्याकडच्या सर्वसाधारण माणसाला ती एका वेळेस पुरते. पूर्ण डबा दोघांत खाणेही तेथे कोणाला खटकत नाही.

‘हवाईयन प्लेट’ हा वेगळा प्रकार आहे

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो तेथल्या लोकांना महत्त्वाचा वाटतो. कात्सू, लोको मोको, तेरियाकी यांना तेथे ‘लोकल’ खाणे म्हणतात. ‘हवाईयन’ हा शब्द मूळ हवाईयन लोकांसाठी आणि त्यांच्या परंपरेतल्या अन्नासाठी राखलेला आहे. फळ्यावर ‘हवाईयन प्लेट’ असे लिहिले असेल तर तिच्यात लाउलाउ, कालुआ डुक्कर, लोमी साल्मन म्हणजे टोमॅटो-कांद्यात कालवलेला खारवलेला साल्मन मासा, पोई आणि गोडाला हाउपिया असे पदार्थ येतात. होनोलुलूतील ‘हेलेनाज हवाईयन फूड’ 1946 पासून आणि वाइपाहूमध्ये सुरू झालेले ‘हायवे इन’ 1947 पासून हे अन्न वाढत आले आहेत.

लाउलाउ मराठी माणसाने अवश्य पाहावे. पुडी हातात आली की वरचे जाड, चकचकीत ‘टी’ नावाच्या झाडाचे (चहाचे नव्हे) पान सोडवून बाजूला ठेवावे, ते खात नाहीत. पातोळ्यांचे हळदीचे पान आपण जसे सोलून टाकतो, तसेच हे. आत गडद हिरव्या पानांची मऊ गुंडाळी निघते आणि तिच्या पोटात डुकराचे मांस आणि खारवलेल्या माशाचा तुकडा असतो. ती हिरवी पाने म्हणजे अळू. ज्या झाडाची वडी आणि फदफदे आपण करतो तेच झाड तेथे कालो म्हणून ओळखले जाते. हवाईयन परंपरेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ मानला जातो. घशाला खाज येऊ नये म्हणून आपण अळूत चिंच किंवा आमसूल घालतो. लाउलाउमध्ये आंबट काही नसते आणि सगळी भिस्त तासन्तास उकडण्यावर असते. पाने अगदी विरघळल्यासारखी होईपर्यंत वाफवली की त्यांतल्या ऑक्झलेटच्या सुयांचा त्रास होत नाही. मी पहिल्यांदा ती गुंडाळी काट्याने उकलली तेव्हा वर आलेला वास थेट श्रावणातल्या स्वयंपाकघराचा होता, आणि मांस असलेल्या डब्यातून तो येतो आहे हे मनाला पटायला थोडा वेळ लागला.

पोई म्हणजे त्याच कालोचे कंद उकडून, कुटून, पाण्यात सैल केलेली जांभळट लापशी. ती एकटी चाखून नापसंत करू नये. खारट कालुआ मांसाचा घास आणि पाठोपाठ बोटभर पोई, असे खाल्ले की तिचे काम कळते. दोन दिवसांची पोई आंबूस लागते आणि अनेकांना तीच आवडते. कालुआ मांस परंपरेने इमू नावाच्या जमिनीतल्या भट्टीत, तापलेल्या दगडांवर पानांखाली शिजवतात. खिडकीवाल्या दुकानांत ते बहुतेकदा ओव्हनमध्ये, धुराचा अर्क घालून केलेले असते आणि कोबीसोबत येते. हाउपिया ही नारळाच्या दुधाची घट्ट वडी असून तिच्यात अंडे किंवा जिलेटिन नसते.

गोव्याच्या वाचकांना आणखी एक पदार्थ ओळखीचा वाटेल. सकाळच्या डब्यात अंडी आणि भात यांच्यासोबत ‘पोर्तुगीज सॉसेज’ मिळते. ते मदेरा आणि अझोरेसहून आलेल्या लोकांनी तेथे रुजवले. गोव्याच्या चोरिसाचे ते दूरचे भावंड आहे, मात्र त्यात आपल्यासारखा व्हिनेगर आणि मिरचीचा जोर नसतो. ते सौम्य आणि किंचित गोडसर लागते.

काय खात नाही ते रांगेत लागण्यापूर्वी ठरवावे

बीफ न खाणाऱ्यांनी लोको मोको, तेरियाकी बीफ, कालबी, चिली (खिम्याचा घट्ट रस्सा) आणि बहुतेक तपकिरी ग्रेव्ही टाळाव्यात. कोंबडीच्या कटलेटवरही तीच ग्रेव्ही असू शकते, हे लक्षात येत नाही. डुक्कर न खाणाऱ्यांनी लाउलाउ, कालुआ आणि स्पॅम (डबाबंद डुकराचे मांस) वगळावेत, आणि लाउलाउ कोंबडीचे मिळते का ते विचारावे. ते पुष्कळ ठिकाणी मिळते.

शाकाहारी माणसाची वाट अधिक अरुंद आहे आणि ती मी जवळून पाहिली आहे. माझी आई होनोलुलूला आली असताना एका लहान खिडकीवर मी तिच्यासाठी टोफूचा डबा मागवला. आतल्या वयस्कर बाईंना तेथल्या रीतीप्रमाणे ‘आंटी’ म्हणून हाक मारली आणि आई मांस खात नाही एवढेच सांगितले. त्या थांबल्या आणि त्यांनी उलट विचारले, “मासे खातात का? सॉसमध्ये माशाचा अर्क आहे.” मी ते विचारायला हवे होते, ते त्यांनी विचारले. टोफूच्या सॉसमध्ये दाशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो, भातावर भुरभुरलेल्या फुरिकाके नावाच्या कोरड्या जपानी मसाल्यात बहुधा मासा असतो, मॅकरोनी सॅलडच्या मेयोनेझमध्ये अंडे असतेच आणि क्वचित त्यात ट्यूनाही मिसळतात. कात्सूच्या सॉसमधल्या वूस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात. म्हणून ‘शाकाहारी’ या एका शब्दावर विसंबू नये. मांस, मासे, अंडे आणि ऑयस्टर सॉस यांची नावे घेऊन एकेक विचारावे आणि मॅकरोनी सॅलडऐवजी ‘टॉस सॅलड’ म्हणजे कच्च्या पानांची कोशिंबीर मागावी. त्या दिवशी आईंसाठी आंटींनी साधा भात, नुसता परतलेला टोफू आणि वर आले-कांद्याची पात घालून दिली, आणि आईने त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

खिडकीवर

साडेदहा ते अकराच्या दरम्यान जावे. बाराला रांग फुटपाथवर येते आणि लाउलाउसारखे पदार्थ दुपारीच संपतात. अनेक लहान दुकाने दुपारी दोन-तीनला बंद होतात, काही रविवारी उघडतच नाहीत, तेव्हा वेळ आधी पाहून घ्यावी.

फळा रांगेत असतानाच वाचून ठरवावे. खिडकीपाशी पोहोचून विचार करत राहणे मागच्यांना अवघड जाते. सांगण्याचा क्रम असा ठेवावा की आतल्या माणसाला उलटून विचारावे लागणार नाही: आधी पदार्थाचे नाव, मग मिनी की पूर्ण, मग मॅकरोनी ठेवायची की बदलायची, मग ग्रेव्ही किंवा सॉस कुठे, आणि शेवटी पेय. काही बदल नको असेल तर नुसते नाव पुरते, कारण ‘टू स्कूप राइस, वन स्कूप मॅक’ हे गृहीतच असते. मॅकरोनी मुळीच आवडत नसेल तर ‘ऑल राइस’ म्हणावे. तपकिरी तांदळाचा भात मिळत असेल तर फळ्यावर तसे लिहिलेले असते. हवाईतला पांढरा भात मात्र मध्यम दाण्याचा, चिकटसर असतो. तो बासमतीसारखा मोकळा नाही म्हणून कच्चा किंवा गिच्च झाला आहे असे समजू नये.

बहुतेक ठिकाणी कार्ड चालते, तरी लहान खिडक्यांसाठी थोडी रोकड जवळ असावी. होनोलुलू ज्यावर आहे त्या ओआहू बेटावर बिलात सुमारे 4.7 टक्के कर मिळवला जातो. बक्षिसीची बरणी समोर असते, तिच्यात एखादा-दोन डॉलर टाकणे हा चांगुलपणा आहे. पैसे दिल्यावर नाव किंवा क्रमांक विचारतात. मराठी नाव आतून तिसऱ्याच उच्चाराने पुकारले जाते, म्हणून दोन अक्षरी सोपे नाव द्यावे आणि देण्याच्या खिडकीकडे लक्ष ठेवावे.

डबा हाती आला की तेथेच झाकण उचलून पाहावे. पदार्थ बरोबर आहे का, सॉसची वाटी आणि काटा किंवा काड्या दिल्या आहेत का, हे खिडकी सोडण्यापूर्वी बघितले तर दुरुस्ती लगेच होते. पूर्वी हे डबे फोमचे असत. माउई, बिग आयलंड आणि पाठोपाठ होनोलुलूने त्यांवर बंदी आणल्यापासून बहुतेक ठिकाणी लगद्याचे किंवा कागदी डबे मिळतात. ते पर्यावरणाला चांगले आहेत, पण ग्रेव्ही मुरली की त्यांचा तळ मऊ पडतो. म्हणून डबा तळहातावर आडवा धरावा, पिशवीत उभा खुपसू नये, आणि मोटारीत सीटवर न ठेवता पायाशी सपाट जागेत ठेवावा. कात्सू असेल तर झाकणाचा एक कोपरा उघडा ठेवावा. वाफ कोंडली की दहा मिनिटांत कुरकुरीतपणा जातो.

तो शक्य तितक्या लवकर खावा. शिजलेला भात, मांस आणि मेयोनेझ यांचा हा डबा सर्वसाधारण तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि 32 अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेत तर एकाच तासात संपवावा. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. खाताना भात आणि मॅकरोनी वेगवेगळ्या वेळी संपवू नयेत. खारट-गोड मांस, साधा भात आणि थंड मॅकरोनी असे तिन्ही घास आलटून पालटून घ्यावेत.

घरी करायचा असेल तर

अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील मराठी कुटुंबांना बरेचदा ‘एल अँड एल’ ची शाखा जवळ असते. लिलिहा रस्त्यावर 1976 मध्ये सुरू झालेल्या या साखळीने 1999 मध्ये कॅलिफोर्नियात पाय ठेवला. तरीही घरी केलेला डबा चवीला आणि खिशाला बरा पडतो. चार माणसांसाठी शोयू चिकनचा डबा असा करावा.

मॅकरोनी सॅलड आदल्या रात्री करावे, कारण ते मुरावे लागते. 250 ग्रॅम कोपऱ्याच्या आकाराची मॅकरोनी मिठाच्या पाण्यात पाकिटावरच्या वेळेपेक्षा चार-पाच मिनिटे जास्त शिजवावी, म्हणजे ती फुगून बोटाने सहज चिरडेल. इटालियन पद्धतीने दाताखाली लागेल इतपत ठेवली तर थंड झाल्यावर ती कडक होते आणि मेयोनेझ शोषत नाही. पाणी निथळून गरम असतानाच तिच्यावर एक मोठा चमचा व्हिनेगर शिंपडावा. कोमट झाल्यावर एक किसलेले गाजर, दोन मोठे चमचे किसलेला कांदा, मीठ, मिरपूड आणि पाऊण वाटी मेयोनेझ घालून हलक्या हाताने कालवावे. ते पूर्ण थंड झाल्यावर आणखी अर्धी वाटी मेयोनेझ आणि पाव वाटी दूध घालावे. पहिला हात मॅकरोनी पिऊन टाकते आणि दुसऱ्या हाताने तो दाटसर ओलावा राहतो. भारतात मिळणारे बिनअंड्याचे मेयोनेझ बहुधा गोड असते. ते वापरताना व्हिनेगर थोडे वाढवावे आणि साखर मुळीच घालू नये. शाकाहारी घरांत हे सॅलड त्यामुळे बिनदिक्कत करता येते.

कोंबडीसाठी हाडासकट मांड्यांचे एक किलो तुकडे घ्यावेत. छातीचे मांस इतका वेळ शिजवले की कोरडे पडते. पातेल्यात पाऊण वाटी जपानी पद्धतीचा शोयू, दीड वाटी पाणी, अर्धी वाटी तपकिरी साखर, ठेचलेले दोन इंच आले, सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि एक चमचा व्हिनेगर एकत्र उकळावे. आपल्याकडच्या चायनीज गाड्यांवरचा काळा, दाट सोया सॉस येथे चालत नाही, कारण रंग येतो पण चव करपट होते. साखरेऐवजी गूळ घातला तर चव थोडी वेगळी, पण मला आवडणारी लागते. उकळी आली की तुकडे कातडीची बाजू खाली करून सोडावेत, आच मंद करावी आणि झाकण अर्धवट ठेवून चाळीस मिनिटे शिजू द्यावे, मध्ये एकदा उलटावे. हाडापासून मांस सुटू लागले की तुकडे काढून घ्यावेत, रस मोठ्या आचेवर अर्ध्यावर आटवावा आणि एक चमचा कॉर्नफ्लोर पाण्यात कालवून त्यात सोडावे. रस चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरून राहिला की झाले. तुकडे परत त्यात घोळवावेत. शाकाहारींसाठी याच रसात, कोंबडी न घालता, सोनेरी परतलेला घट्ट टोफू आणि शिताके अळंबी दहा मिनिटे शिजवावीत.

भातासाठी अमेरिकेत कॅलरोज तांदूळ मिळतो. महाराष्ट्रात असाल तर इंद्रायणी घ्यावा. त्याचा सुगंध वेगळा आहे, पण चिकटपणा या कामाचा आहे. तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत ठेवावा, नेहमीपेक्षा पाणी किंचित कमी घालावे आणि शिजल्यावर झाकण न उघडता दहा मिनिटे मुरू द्यावा. आइस्क्रीमचा चमचा पाण्यात बुडवून मूद पाडावी. चमचा नसेल तर ओली केलेली आमटीची वाटी चालते. मूद दाबून भरू नये, नाहीतर रस आत शिरत नाही.

डबा भरताना भाताच्या दोन मुदी एका बाजूला, त्यांच्या लगत चिरलेला कोबी, कोबीवर कोंबडी आणि मॅकरोनी सर्वांत शेवटी, शक्य तर दुसऱ्या कोपऱ्यात किंवा छोट्या वाटीत ठेवावी. आटवलेला रस कोंबडीवर आणि एका मुदीवर ओतावा, दुसरी मूद कोरी ठेवावी. उरलेली कोंबडी रसासकट झाकून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवली तर तीन दिवस टिकते आणि दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेली लागते. भात वेगळ्या डब्यात ठेवून दुसऱ्याच दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा, आणि मॅकरोनी फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नये, कारण वितळताना मेयोनेझ फुटून तिला पाणी सुटते.